जास्तीचा थांबा

घर हलवायचं ठरलं तेव्हा छोटूने सगळा कारभार माझ्या हाती सोपवला, आणि मी खुळी, खूश झाले. म्हटलं, उशिरा का होईना, मुलाला आईची किंमत कळली.

छोटू म्हणजे माझा मुलगा. चाळिशी आली, डोक्यावरचं रान विरळ झालं, ऑफिसात चार माणसं त्याला साहेब म्हणतात, पण घरात तो छोटूच. त्याच्या कंपनीने त्याला दुसऱ्या शहरात वरच्या जागेवर नेमलं. शहर लांबचं, गाडीने दोन दिवसांच्या वाटेवरचं. पगार वाढणार होता, पण सामान हलवायचा खर्च ज्याचा त्याने करायचा होता. त्यात नव्या घराची अनामत, इथल्या घराचं शेवटचं भाडं, तिथल्या घराचं पहिलं भाडं, असं सगळं एकाच महिन्यात अंगावर येणार होतं. छोटूने एका संध्याकाळी कॅल्क्युलेटर घेतला, थोडा वेळ बटणं दाबली आणि डोकं धरून बसला.

"आई, तू आयुष्यभर दुसऱ्यांची फर्निचरं पोचवलीस," तो म्हणाला. "आता आपलं तूच बघ. मला यातलं ओ का ठो कळत नाही."

ते खरंच होतं. मी फर्निचरच्या एका मोठ्या गोदामात माल रवाना करायच्या कामावर होते. हे गेले तेव्हा मुलं लहान होती, मिळेल ते काम घेतलं आणि त्यातच मुरले. सकाळी गाडी लागली की कुणाचा सोफा कुठे, कुणाचं कपाट कुठे, हे मी ठरवायचे. त्यात अक्कल एकच लागते. जे शेवटच्या घरी उतरायचं ते आधी चढवायचं, पार आत, केबिनच्या भिंतीला. जे पहिल्या घरी उतरायचं ते सगळ्यांत शेवटी, दाराशी. हे चुकलं की भररस्त्यात अख्खी गाडी रिकामी करावी लागते आणि हमाल तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. शाळा सुटली की छोटू गोदामात यायचा आणि माझ्या टेबलाखाली बसून अभ्यास करायचा. पाढे त्याला कधी नीट आले नाहीत, पण हे पाठ झालं होतं.

तर मी पदर खोचला. खरं तर मी घाबरले होते. या वयात गाव सोडायचं, ओळखीचा वाणी नाही, ओळखीचा डॉक्टर नाही. पण एक धीर होता. मुलगा-सून बरोबर आहेत, आपली खोली आहे, मग गाव कुठलं का असेना. माझं सगळं त्या एका गोष्टीवर उभं होतं, आणि ती गोष्ट मला कुणी वेगळी विचारून घ्यायला हवी होती असं माझ्या मनातही आलं नाही. आपल्या घरातून आपल्याच घरी जायचं, त्यात विचारायचं काय?

पहिल्याच आठवड्यात मी जुन्या पुठ्ठ्याचे तुकडे कापले. घरातली प्रत्येक वस्तू मोजून तिचा लहानसा तुकडा केला आणि त्यावर नाव लिहिलं: फ्रीज, जेवणाचं टेबल, सूनबाईचं कपाट, माझा पलंग. एका कागदावर गाडीचा चौकोन काढला, दुसऱ्यावर नव्या घराचा नकाशा. गोदामात आम्ही असंच करायचो. कॅल्क्युलेटर पैसे सांगतो, पण सोफा दारातून वळेल की नाही ते पुठ्ठाच सांगतो.

नव्या घराचा नकाशा छोटूनेच आणला होता. जेवणाच्या टेबलावर तो पसरून मी बसले तेव्हा तो माझ्या खांद्याशी येऊन उभा राहिला. पुढे दिवाणखाना, बाजूला त्यांची खोली, आणि मागे एक लहान खोली, बागेकडे खिडकी असलेली.

"आणि ही तुझी," तो म्हणाला.

मी माझ्या पलंगाचा तुकडा भिंतीशी ठेवला. त्याने तो बोटाने अलगद सरकवला, खिडकीखाली नेला. "इथे ठेव. वाचायला उजेड मिळेल."

सूनबाई समोर बसली होती. ती उठली आणि कप विसळायला आत गेली. कप रिकामेही झाले नव्हते. मला वाटलं, हिला कामाची हौस. माणूस सुखात असला की त्याला डोळे असून दिसत नाही म्हणतात, ते माझ्यासारखीला बघूनच कुणीतरी म्हटलं असणार.

मग खर्चाला कात्री लावायला बसले. सामान जसं होतं तसं न्यायचं तर मोठी गाडी लागत होती. थोडं कमी केलं तर मधली गाडी पुरत होती आणि भाड्यात भलताच फरक पडत होता. आता कमी करायचं कुणाचं? सूनबाईची ती जागच्या जागी पळायची पट्टी होती, जिच्यावर आजवर फक्त ओले टॉवेलच पळाले. पण ती म्हणाली, तिथे गेल्यावर नक्की वापरीन. छोटूची पुस्तकं होती, ती तो वाचत नव्हता आणि देतही नव्हता. मग मी माझ्याकडे बघितलं. ह्यांची आरामखुर्ची खालच्या घड्याळजीला देऊन टाकली. माझं आरशाचं कपाट विकलं आणि कपडे एका लहान कपाटात कोंबले. ट्रंक गेली, शिडी गेली. पुठ्ठ्याचा एकेक तुकडा बाजूला काढत गेले, आणि एके दुपारी उरलेले सगळे तुकडे मधल्या गाडीच्या चौकोनात बसले. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

बाकीही बारीकसारीक पुष्कळ वाचवलं. महिन्याच्या टोकाला सगळे घर बदलतात, तेव्हा भाव चढतात, म्हणून मधला आठवडा धरला. त्या शहराकडे रिकामी परत जाणारी गाडी मिळाली तर ती स्वस्त पडते, तशी शोधली. खोकी औषधाच्या दुकानातून फुकट आणली. काचेच्या भांड्यांना टॉवेल-चादरी गुंडाळल्या. त्या कापडांना नाहीतरी जायचंच होतं. वाटेत एक रात्र मुक्काम लागणार होता, तर वाटेतच ताईचं घर. ताई म्हणजे माझी मोठी मुलगी. घरात सगळे तिला ताईच म्हणतात, मीसुद्धा. म्हटलं, हॉटेल कशाला? ताईकडे राहू. ताईला फोन केला तर ती म्हणाली, "आई, तुझी खोली तयार करतेय." मी म्हटलं, "एवढं काय करायचंय त्यात?" ती नुसती हसली.

भाड्याचे पैसे मी माझ्या मुदत ठेवीतून दिले. छोटू नको नको म्हणाला, पण त्याचं नको म्हणणं मला लहानपणापासून ठाऊक आहे. हात मागे असतो आणि ओंजळ पुढे.

गाड्यांच्या कंपनीत भाव सांगायला जो माणूस होता त्याचं नाव मी मधाचं बोट ठेवलं होतं. बोलणं इतकं गोड की फोन ठेवल्यावर कान पुसावासा वाटे. त्याच्याशी मी रोज सकाळी चहा झाला की भांडायचे. विमा कमी कर, चढवणावळ कमी कर, असं करत करत शेवटी तो सगळ्याचा एक आकडा सांगायला तयार झाला. मी म्हटलं, आकड्यात काय काय धरलंस ते एकेक सांग. त्याने सांगितलं. त्यात शेवटी म्हणाला, "आणि मॅडम, जास्तीच्या थांब्याचे."

"कसला जास्तीचा थांबा?"

"दोन ठिकाणी उतरवायचंय ना मॅडम. म्हणून."

"अहो, घर एक, माणसं तीन, गाडी एक. दुसरं ठिकाण कुठलं? आभाळात?"

तो अडखळला. "नाही म्हणजे... साहेब म्हणाले होते..."

"साहेबांना यातलं काही कळत नाही. साहेबांची आई बोलतेय. मी या धंद्यात केस पांढरे केलेत, असले थांबे मला नका दाखवू. काढा ते."

"एकदा साहेबांना विचारून..."

"काढताय की दुसरी गाडी बघू?"

त्याने काढले. रात्री जेवताना मी ही कथा रंगवून सांगितली, मधाच्या बोटाचा आवाज काढून सांगितली. "लोक कसे लुबाडतात बघा! जास्तीचा थांबा म्हणे. एकाच घराला दोनदा उतरवायचे पैसे!"

छोटूचा घास हातातच राहिला. मग पाण्याचा घोट घेऊन तो म्हणाला, "राहू द्यायचं होतंस, आई. एवढ्यासाठी कशाला ओढाताण?"

"का राहू द्यायचं? फुकटचे आहेत का पैसे?"

सूनबाई त्याच्याकडे बघत होती. तो ताटाकडे बघत होता. ती म्हणाली, "अहो, सांगा ना त्यांना..." आणि तो घाईघाईने म्हणाला, "हो, सांगतो ना, आई, तू फार छान केलंस." मी आणखी फुगले. तेव्हा जर तो बोलला असता, ताटावरून उठून का होईना बोलला असता, तर मी रडले असते, भांडले असते, दोन दिवस अबोला धरला असता आणि मग मान्यही केलं असतं बहुतेक. पण त्याने माझं कौतुक केलं. हे मी त्याला कधी माफ करणार नाही.

निघायचा दिवस उजाडला. गाडी वेळेवर आली, हमालांबरोबर त्यांचा मुकादम आला. मुकादम दणकट, बोलायला थोडा. मी त्याच्या पुढे गाडीचा कागद धरला. त्याने बघितला आणि म्हणाला, "मावशी, हे कुणी काढलं?"

"मी."

"मग आम्ही नुसतं उचलायचं काम करतो."

छोटू वीजमीटरचं रीडिंग देऊन घरमालकाला किल्ल्या सोपवायला गेला होता. सूनबाई वर स्वयंपाकघराची शेवटची खोकी चिकटपट्टीने बंद करत होती. मी खाली गाडीच्या दाराशी उभी राहिले आणि कितीतरी वर्षांनी मला माझ्या जागी उभं राहिल्यासारखं वाटलं. माझा पलंग खोलून त्याच्या फळ्या आधी आत घालायला सांगितल्या, केबिनच्या भिंतीला उभ्या. त्यांच्यापुढे कपाटं घट्ट लावली की फळ्या हलत नाहीत आणि कपाटांनाही पाठ मिळते. त्याच कोपऱ्यात माझं लहान कपाट, माझी खुर्ची. माझी खोली घराच्या मागच्या टोकाला, तेव्हा माझं शेवटी उतरलं तरी चालणार होतं. मग फ्रीज आला. फ्रीज पट्ट्याने बांधून हमालांनी फळीवरून वर चढवायला घेतला, तेवढ्यात छोटू रस्त्याच्या कोपऱ्यावरून वळला आणि गाडीकडे बघून चक्क धावत आला.

"थांबा, थांबा! आईचं आत नाही घालायचं! आईचं सामान शेवटी!"

मुकादमाने हात वर केला. हमाल फ्रीज धरून तसेच उभे राहिले. "शेवटी?" मुकादम म्हणाला. "म्हणजे ते वाटेत आधी उतरायचंय का कुठे?"

"हो, म्हणजे... ड्रायव्हरशी माझं बोलणं झालंय, त्याला मी वेगळे पैसे..." इथवर बोलला आणि त्याने माझ्याकडे बघितलं.

कुणाला काही समजावून सांगायची गरज नव्हती. जे आधी उतरायचं ते शेवटी चढवायचं, हे मीच त्याला टेबलाखाली बसवून शिकवलं होतं. नव्या शहराच्या वाटेवर आमच्या ओळखीचं घर एकच. जास्तीचा थांबा मी होते. आणि तो मी स्वतःच भांडून काढून टाकला होता, म्हणून हा असा धावत आला होता. नाहीतर ताईच्या दारात माझं सामान उतरेपर्यंत मला पत्ता लागला नसता.

"वर चल," मी म्हटलं.

रिकाम्या स्वयंपाकघरात आमचे आवाज घुमत होते. सूनबाई चिकटपट्टी हातात धरून ओट्याला टेकली. छोटू दारात उभा राहिला, शाळेतून चिठ्ठी घेऊन आल्यावर उभा राहायचा तसा.

"कधी ठरलं?" मी विचारलं.

"आई, घर लहान आहे. मला आठवड्यातले निम्मे दिवस घरून काम करायचंय. ती मागची खोली..."

"ती मागची खोली तू मला दाखवलीस. पलंग खिडकीखाली सरकवलास. उजेड येईल म्हणालास."

"तू इतकी खूश होतीस. मला सांगवेना."

"म्हणजे माझ्या खुशीसाठी माझा गळा केसाने कापलास."

"असं काय बोलतेस? ताई काय परकी आहे? सुरुवातीचे थोडे महिने तिच्याकडे, मग आमचं बस्तान बसलं की..."

"मग मला विचारायला काय झालं होतं? मी काय फ्रीज आहे? दोन दोऱ्या बांधल्या, फळीवरून उतरवलं?"

मी सूनबाईकडे वळले. खोटं कशाला बोलू, मला तिच्यावरच सगळं ढकलायचं होतं. परकी लेक, तिने कान भरले, असं म्हटलं की पोटचं पोर स्वच्छ निघतं; सगळ्या आयांना हा रस्ता माहीत असतो. पण ती रडत होती. "मी ह्यांना रोज म्हणत होते, आई, की आधी आईंना विचारा," ती म्हणाली. "त्या नाही म्हणाल्या तर खोली त्यांची. हे म्हणाले, आई एकदा नाही म्हणाली की संपलं. म्हणून विचारलंच नाही."

"मग तू का नाही सांगितलंस? रोज माझ्या शेजारी बसून खोकी भरत होतीस. तुझ्या काचा माझ्या चादरीत गुंडाळत होतीस."

ते पुठ्ठ्याचे तुकडे, ती खुर्ची, ते आरशाचं कपाट, सगळं मी या दोघांच्या डोळ्यांसमोर एकेक करून दिलं आणि दोघं बघत होती. म्हातारीला कामाला लावा, रमेल, बोलणार नाही, असंच ना? सोन्याची सुरी झाली म्हणून ती कुणी उरात खुपसून घेत नाही. मी मात्र तिला रोज धारही लावून दिली होती.

"मी कुठेच येत नाही," मी म्हटलं. "तुझ्याकडे नाही, ताईकडे नाही. गोदामातली माझी मैत्रीण एकटी राहते, मागेच म्हणाली होती, ये म्हणून. माझं सामान इथेच उतरवते. हाच तुझा जास्तीचा थांबा."

"आई, लोक काय म्हणतील?"

"ते तू गाडीत बसून ठरव. दोन दिवस आहेत."

मी खाली गेले आणि मुकादमाला म्हटलं, माझं सगळं बाहेर काढा. तो माझ्या तोंडाकडे बघून काही विचारायचं टाळून आत चढला. फळ्या आल्या, लहान कपाट आलं, खुर्ची आली. फुटपाथवर ठेवल्यावर ते सगळं किती थोडं दिसत होतं! येणारे-जाणारे वळसा घालून जात होते. मी त्या खुर्चीवर बसले, पर्स मांडीवर घेतली आणि मैत्रिणीचा नंबर शोधायला लागले. चष्मा सापडत नव्हता. छोटू समोर उभा राहून हळू आवाजात काहीबाही समजावत होता. आधी गोड, मग थोडं चढून, मग पुन्हा गोड. मी त्याचं ऐकत नव्हते. मला त्या क्षणी एकच समाधान होतं, की आता जे होईल ते माझ्या मर्जीने होईल.

तेवढ्यात फोन हातातच वाजला. ताई.

छोटूने पडद्यावरचं नाव बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. "आई, प्लीज," तो म्हणाला. "तिला काही बोलू नकोस. आधी माझं ऐक."

मी फोन उचलला. मला तिलाही फैलावर घ्यायचं होतं. दोघं बहीण-भाऊ मिळून आईचा निकाल लावता आणि मला खोली तयार करतेय म्हणून सांगता? पण मी तोंड उघडायच्या आतच ती बोलत सुटली.

"आई, निघालात का गं? मी आज रजाच घेतलीय. खोलीला रंग दिला, कपाट रिकामं केलं, तुझ्या उशाशी दिवा लावलाय. तुला रात्री वाचायची सवय ना. आई, एक सांगू? छोटूने सांगितलं होतं तुला विचारू नको म्हणून. तुला अवघडल्यासारखं होईल म्हणाला. पण आता राहवत नाही. मला खरंच वाटलं नव्हतं गं, तू स्वतःहून माझ्याकडे यायचं म्हणशील. मी त्याला परत परत विचारलं, आई स्वतः म्हणाली? नक्की? तो म्हणाला, हो, आई म्हणाली, आयुष्यभर मुलाकडे राहिले, आता मला लेकीकडे राहायचंय." तिचा आवाज भरून आला. "मी हे घरात सगळ्यांना सांगितलं. शेजारी सांगितलं. मला नेहमी वाटायचं, आईचा जीव छोटूमध्ये. तुझा राग नाही हं, पण वाटायचं. आणि तू स्वतः म्हणालीस!"

मी छोटूकडे बघितलं. तो मान हलवत होता, नको नको, म्हणत होता.

म्हणजे एकटी मीच नव्हते. हिलाही त्याने तसंच बांधून ठेवलं होतं, फक्त हिच्या बांधणीला आनंदाची चादर गुंडाळली होती. मी जे बोललेच नव्हते ते माझ्या तोंडी घालून त्याने तिला दिलं होतं, आणि तिने ते घरभर मिरवलं होतं. मी आता फक्त खरं बोलायचा अवकाश होता. की बाई, मी असं काही म्हटलेलं नाही. मी तुझ्या घराचा विचार एका रात्रीपुरता केला होता, तोही हॉटेलचा खर्च वाचावा म्हणून.

"आई? ऐकतेयस ना? तूच म्हणालीस ना?"

लेकीचा आवाज एकदम लहान झाला. तो लहान झालेला मला ऐकू आला.

"हो गं," मी म्हटलं. "मीच म्हणाले."

छोटूने श्वास सोडला. एवढा मोठा सोडला की मला खुर्चीत ऐकू आला. त्याचे खांदे खाली आले, चेहऱ्यावर रंग आला. त्याने मुकादमाला खूण केली आणि हमाल माझ्या फळ्या उचलायला लागले. मी अडवलं नाही. मैत्रिणीचा नंबर सापडायचा राहिलाच.

"आई, छोटूला दे ना जरा फोन," ताई म्हणाली. "मी त्याच्याशी धड बोललेच नाही. त्याने मोठ्या मनाने तुला सोडलं, त्याचे आभार तरी मानते."

मी फोन त्याच्या हातात दिला. तो घेईल असं मला वाटलं नव्हतं. म्हणजे, हातात घेईल, पण त्याला बोलता येणार नाही, निदान एकदा माझ्याकडे बघेल असं वाटलं होतं. लहानपणी खोटं बोलला की त्याचे कान लाल व्हायचे. मी त्याच्या कानांकडे बघत राहिले.

"अगं, आभार कसले, ताई," तो म्हणाला. आवाज स्वच्छ होता. "मलाही जड जातंय. पण आईच्या मनासारखं झालं पाहिजे, बाकी काय?"

फोन परत देताना त्याने तो लांबूनच हात पुढे करून दिला, दुसरीकडे बघत. फ्रीज आता आत चालला होता आणि त्याला त्याची काळजी होती. पलीकडे ताई अजून बोलतच होती. भिंतींचा रंग तिने एकटीने निवडला होता, फिकट निळा, आणि आता तिला धास्ती वाटत होती की मला आवडेल की नाही.

"आवडेल," मी म्हटलं.